निवेदन रेकॉर्ड करताना शब्दाचं पहिलं अक्षर गायब होतंय, आणि नॉइज काढला की आवाज पाण्याखालचा

वाचनछंद:

नमस्कार मंडळी,

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचं एक अभ्यासाचं पुस्तक वाचून रेकॉर्ड करतेय, लेखकाची परवानगी घेतलेली आहे. माझ्याकडे यूएसबी कंडेन्सर माईक, विंडोज ११ चा लॅपटॉप आणि ऑडासिटी हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम आहे. मोठ्याने वाचायची सवय आहे त्यामुळे त्याची काळजी नाही, पण रेकॉर्ड झालेलं ऐकायला बसलं की भलतंच काहीतरी कानावर येतं.

मुख्य त्रास असा की वाक्याची सुरुवात खाल्ली जातेय. 'हर्षवर्धनाने' म्हटलं की फाइलमध्ये 'र्षवर्धनाने' येतं, 'तह झाला' मधला ह तर जवळजवळ नसतोच. वाक्य संपताना आवाज जरा खाली आला की शेवटचा शब्द विरून जातो, 'होते' की 'होता' तेच कळत नाही. उच्चार नीट होतोय हे नक्की, कारण त्याच वेळी शेजारी मोबाइल ठेवून रेकॉर्ड केलं तर त्यात सगळं स्वच्छ आहे. डोळस मुलं शंका आली तर पुस्तक उघडून बघतील, पण ही मुलं फक्त ऐकून अभ्यास करणार आणि परीक्षेत लेखनिकाला तसंच सांगणार, नाव चुकीचं ऐकलं तर चुकीचंच उतरणार. म्हणून हे असंच चालवून घ्यायचं नाहीये मला.

दुसरं म्हणजे मागे बारीक घरघर आहे. नॉइज रिडक्शन लावलं की घरघर जाते पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, स आणि श ला तर धातूसारखी किणकिण येते. नॉइज रिडक्शनचा आकडा २४ डीबी (डेसिबल) ठेवलाय, कमी केला की घरघर परत. माईक टेबलावर साधारण हातभर लांब आहे आणि गेन (माईक आवाज किती वाढवून घेतो ते) मध्यावर. कुठून सुरुवात करू सांगाल का कोणी?

तारसप्तक:

ताई, दोन्ही तक्रारींचं मूळ वेगवेगळं वाटतंय. आधी अक्षर गायब होण्याचं बघू, कारण गेलेलं अक्षर नंतर कुठलाच इफेक्ट परत आणत नाही, घरघर मात्र बरीचशी नंतरही आवरता येते.

एक छोटी परीक्षा करा. कुठलाही इफेक्ट न लावलेलं कच्चं रेकॉर्डिंग उघडा, दोन वाक्यांच्या मधली शांत जागा निवडून चांगली मोठी करून बघा, आडवी पण आणि उभी पण. आवाजाची रेघ डीबीमध्ये दाखवायची सोय आहे ती लावली तर अजून स्पष्ट दिसेल. खऱ्या खोलीत खऱ्या माईकने घेतलेल्या शांततेत कायम काहीतरी बारीक खरखर असते, रेघ थोडी केसाळ दिसते. तुमच्याकडे ती अगदी पट्टीने ओढल्यासारखी सरळ, मेलेली असेल तर आवाज ऑडासिटीपर्यंत पोचायच्या आधीच मधे कोणीतरी झडप बंद करतंय हे पक्कं समजा.

ही झडप म्हणजे कॉलसाठी बनवलेलं नॉइज सप्रेशन. माणूस बोलतोय की नुसता पंख्याचा आवाज आहे हे ते सतत ठरवत असतं, आणि बोलणं सुरू झालं असं ठरवायला त्याला क्षणभर लागतो. 'क' किंवा 'ट' ठणकन येतात म्हणून लगेच पकडले जातात. 'ह' म्हणजे नुसता श्वास, तो त्याला नॉइजच वाटतो. म्हणून तुमचा हर्षवर्धन आणि तह दोन्ही मार खातात. वाक्याच्या शेवटी आवाज उतरला की तिथेही तेच होतं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड असं जा, इनपुटमध्ये तुमचा माईक उघडा आणि ऑडिओ एनहान्समेंट्स पूर्ण ऑफ करा. एवढ्याने भागलं तर उत्तम. नाही भागलं तर लॅपटॉपसोबत आलेला आवाजाचा किंवा मीटिंगचा वेगळा प्रोग्राम आहे का बघा, त्यात नॉइज कॅन्सलेशन, व्हॉइस क्लॅरिटी असल्या नावाचं बटण सापडेल. ते इथल्या सेटिंगला जुमानत नाही, स्वतंत्र बंद करावं लागतं. काही यूएसबी माईकचं स्वतःचं ॲप असतं, त्यातही असाच पर्याय असू शकतो.

आणि हो, ऑडासिटीच्या रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये साउंड ॲक्टिव्हेटेड रेकॉर्डिंग चालू नाही ना तेही बघा. ते चालू असेल तर आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की रेकॉर्डिंग थांबतं आणि परत आवाज आला की सुरू होतं. त्यातही सुरुवात खाल्ली जाते, पण खूण वेगळी, तिथे मधली शांतता सपाट नसते, नसतेच मुळी, वाक्यं एकमेकांना चिकटलेली दिसतात.

वाचनछंद:

दादा, रेघ एकदम सरळ! किती मोठी केली तरी हलत नाही. साउंड ॲक्टिव्हेटेड बंदच होतं. विंडोजचं एनहान्समेंट चालू होतं ते ऑफ केलं, थोडा फरक पडला पण 'ह' अजून अर्धवट. मग लॅपटॉपसोबत आलेल्या प्रोग्राममध्ये मायक्रोफोनसाठी एआय नॉइज रिमूव्हल असं एक बटण सापडलं, ते मुळात चालूच ठेवलेलं होतं. तेही बंद केलं आणि हर्षवर्धन पूर्ण आला हो! तह पण. ऐकताना खरंच बरं वाटलं.

पण आता घरघर आधीपेक्षा बरीच वाढलीये. हे बरोबर आहे का?

तारसप्तक:

बरोबर आहे. आधीही ती तेवढीच होती, मधला प्रोग्राम ती झाकत होता आणि झाकताना तुमची अक्षरं पण नेत होता. आता जे ऐकताय ते तुमच्या खोलीचं खरं चित्र. हे बटण पुढे एखाद्या अपडेटनंतर परत चालू होऊ शकतं, म्हणून रोज सुरुवातीला पाच-दहा सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा आणि रेघ केसाळ आहे ना हे बघूनच वाचायला घ्या. ती शांतता पुढे नॉइज प्रोफाइलसाठीही (नॉइज रिडक्शनला आधी ऐकवायचा घरघरीचा नमुना) लागणार आहे.

घुमटनाद:

घरघरीबद्दल मी लिहितो, पुस्तकं रेकॉर्ड करायचं काम बरीच वर्षं करतोय.

हातभर अंतर हा तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. माईक आणि तोंडातलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डीबीने वाढतो, खोलीची घरघर मात्र आहे तेवढीच राहते कारण तिचा उगम हललेला नाही. ४० सेंटिमीटरवरून २० वर आलात तर ६ डीबी, १० वर आलात तर १२. म्हणजे कुठलंही सॉफ्टवेअर न लावता, आवाजाला धक्का न लावता तेवढं काम फुकट झालं. अगदी १० वर मात्र जाऊ नका, कार्डिऑइड माईक (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारा) फार जवळून आवाजात खर्ज वाढवतो आणि मान जरा हलली तरी पातळी बदलते. वाचनासाठी १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे अंगठा आणि करंगळी ताणून होते ती वीत, हे अंतर सांभाळायला सोपं पडतं. जवळ आल्यावर गेन कमी करा. मीटरवर ० ही कमाल मर्यादा, मोठ्यात मोठा शब्द -६ डीबीच्या वर जाऊ नये आणि सर्वसाधारण वाचनाची टोकं -१२ च्या आसपास राहावीत. ऑडासिटीत ३२ बिट फ्लोट (फार मोठा आवाजही न कापता साठवणारा फॉरमॅट) आहे म्हणून गेन कसाही ठेवला तरी चालतो असं काही जण सांगतात, ते ऐकू नका. साध्या यूएसबी माईकमध्ये आवाजाचे आकडे माईकच्या आतच बनतात, तिथे डोकं कापलं गेलं तर पुढच्या फ्लोटला काही करता येत नाही.

लॅपटॉप माईकच्याच टेबलावर आहे का? पंख्याची थरथर टेबलातून स्टँडमध्ये आणि तिथून माईकमध्ये चढते. लॅपटॉप दुसऱ्या स्टुलावर ठेवा, केबल पुरेल तेवढा लांब, आणि माईकची पाठ त्याच्याकडे करा, कार्डिऑइड मागच्या बाजूचं सगळ्यात कमी ऐकतो. समोरच्या आणि मागच्या भिंतीवर जाड रजई टांगली किंवा कपड्यांच्या कपाटाकडे तोंड करून बसलात तर खोलीचा घुमारा मरतो. घुमारा नॉइज रिडक्शनने जात नाही, तो तुमच्याच आवाजाची शेपटी असतो.

घरघर नक्की कसली ते स्पेक्ट्रोग्राममध्ये (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) बघून ओळखता येतं. सगळ्यात खाली ५० हर्ट्झला आडवी पट्टी आणि तिच्यावर १०० ला, १५० ला तशाच पट्ट्या असतील तर ती विजेची गुणगुण, जिथे वीज ६० हर्ट्झची तिथे ६०, १२०, १८०. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, बऱ्याचदा तिथेच संपते. १००० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत बारीक शिट्टी असेल तर ती यूएसबीकडून येते, हब काढून माईक थेट लॅपटॉपला लावा, जमल्यास दुसऱ्या बाजूच्या पोर्टला. पट्टी नसून नुसतं पसरलेलं धुकं असेल तर पंखा, हवा किंवा जास्त ठेवलेला गेन.

हे सगळं झाल्यावर जी घरघर उरेल तिच्यासाठी नॉइज रिडक्शन, पण २४ कधीच नाही. ६ ठेवा, फार तर ९. त्या इफेक्टमध्ये रेसिड्यू नावाचा पर्याय आहे तो निवडून प्रिव्ह्यू ऐका, त्यात आपण जे काढून टाकणार तेवढंच वाजतं. नुसती घरघर ऐकू आली पाहिजे. त्यात तुमचे शब्द कुजबुजल्यासारखे ऐकू यायला लागले की समजायचं आपण आवाजच खरवडतोय, लगेच आकडा खाली आणा. २४ वर ठेवून एकदा रेसिड्यू ऐका, तुमचे सगळे स आणि श तिथे सापडतील.

क्रम पण महत्त्वाचा आहे. आधी ८० हर्ट्झचा हाय पास (त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर), मग नॉइज रिडक्शन, मग लागलाच तर हलका कंप्रेसर (मोठ्या-बारीक आवाजातला फरक कमी करणारा) आणि सगळ्यात शेवटी पातळी. कंप्रेसर आधी लावला तर शब्दांच्या मधे घरघर फुगते, शब्द आला की दबते, मग ती एकसारखी राहत नाही आणि प्रोफाइल जुळत नाही.

स्वरमग्न:

घुमटनाद सर, फार छान प्रतिसाद. धाग्याच्या विषयाला धरूनच माझी एक अडचण विचारते. मी कथा रेकॉर्ड करून एडिटिंगसाठी दुसऱ्यांकडे पाठवते, तिकडे उघडलं की माझा आवाज जाड आणि संथ वाजतो, जणू दुसरंच कोणीतरी वाचतंय. माझ्याकडे तीच फाइल बरोबर वाजते. १० मिनिटांची फाइल त्यांच्याकडे पावणेअकरा मिनिटांच्या वर जाते म्हणे.

तारसप्तक:

बरोबर १० मिनिटं ५३ सेकंद होत असणार. तुमचं रेकॉर्डिंग ४८००० सॅम्पल रेटचं (सेकंदाला ४८००० नमुने) आहे आणि तिकडचा प्रोजेक्ट ते ४४१०० समजून वाजवतोय. ४८००० भागिले ४४१०० म्हणजे १.०८८, तेवढ्याने लांबी वाढते आणि आवाज साधारण दीड सेमीटोन खाली उतरतो. रेकॉर्डिंग खराब झालेलं नाही, अजिबात घाबरू नका. ते ऑडासिटी वापरत असतील तर ट्रॅकच्या नावाच्या मेनूत रेट आहे तिथे ४८००० करायला सांगा, लगेच मूळ आवाज येईल. वरच्या ट्रॅक्स मेनूत रीसॅम्पल म्हणून आहे ते वेगळं काम, ते आत्ता नको, त्याने चुकीच्या वेगाचाच आवाज नव्या आकड्यात बसेल. पुढच्या वेळेपासून विंडोजमधला माईकचा फॉरमॅट, ऑडासिटीचा प्रोजेक्ट रेट आणि एक्स्पोर्ट तिन्हीकडे एकच आकडा ठेवा. ४४१०० की ४८००० हा वाद बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी बिनकामाचा आहे, तिन्हीकडे सारखा असला की झालं.

आवाज जाड नसून टेलिफोनसारखा कोंदट येत असेल तर ती वेगळी भानगड. स्पेक्ट्रोग्राममध्ये ८००० हर्ट्झच्या वर सगळं काळंकुट्ट असेल तर बहुतेक ब्लूटूथ हेडसेटचा माईक निवडला गेलाय. ब्लूटूथवर माईक चालू झाला की तो कॉलच्या पद्धतीवर जातो आणि सॅम्पल रेट १६००० किंवा ८००० वर येतो. निवेदनाला ब्लूटूथ नकोच, ऐकायला पण वायरचा हेडफोन घ्या.

स्वरमग्न:

१० मिनिटं ५३ च निघाली! रेट बदलून त्यांनी लगेच कळवलं, मनापासून आभार.

वाचनछंद:

घुमटनाद सर, वीतभर अंतर, लॅपटॉप स्टुलावर आणि हबही काढला. आता ६ डीबी रिडक्शन पुरतंय आणि रेसिड्यूमध्ये फक्त घरघर आहे, आवाज माझाच वाटतोय. फक्त दोन गोष्टी राहिल्यात. जवळ आल्यापासून 'फौज', 'भूभाग', 'धर्म' असल्या शब्दांना माईकवर धप्पकन हवा बसते. आणि मधेच एखादी बारीक टिक येते, तिथे शब्दाचा तुकडा उडाल्यासारखा वाटतो.

अनुस्वार:

हवेचं मी सांगते. आपल्या भाषेत महाप्राण भरपूर, ख घ छ झ ठ ढ थ ध फ भ, वाचताना दर दुसऱ्या वाक्यात हवेचा झोत निघतोच. पॉप फिल्टर लावा, पण तो माईकला चिकटवून नाही, मधे चार बोटांची जागा सोडून. त्याहून जास्त फायदा माईक तोंडाच्या सरळ रेषेतून बाजूला घेतल्याने होतो. माईक तोंडाच्या कोपऱ्याच्या बाजूला, जरा वर, ३०-४० अंशात, आणि त्याचं तोंड आपल्या ओठांकडे. झोत सरळ निघून जातो, आवाज पोचतो. हाताचा पंजा तोंडासमोर धरून 'फौज' म्हणा, हवा कुठे लागते ते कळेल, तिथे माईक नको. स, श फार टोचायला लागले तरी हाच उपाय आधी करा, डी-एसर (स-श ची धार कमी करणारा इफेक्ट) त्यानंतर.

उरलेल्या एखाद्या धप्पला तेवढा तुकडा निवडून १०० हर्ट्झच्या आसपासचा हाय पास पुरतो, सगळ्या फाइलला नको.

तारसप्तक:

टिकचं म्हणाल तर ते ड्रॉपआउट, कॉम्प्युटरला आवाजाचा घास वेळेवर घेता आला नाही की तेवढे नमुने हरवतात. ऑडासिटीत ड्रॉपआउट शोधायची सोय चालू असेल तर तिथे ती स्वतः खूण करते. प्रोजेक्ट क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये सेव्ह होतोय का बघा. २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून ऑडासिटी सगळा प्रोजेक्ट एकाच एयूपी३ फाइलमध्ये ठेवते, रेकॉर्डिंग चालू असताना ती सतत बदलत असते आणि क्लाउडवाला प्रोग्राम दर वेळी तिच्यामागे धावतो. प्रोजेक्ट लॅपटॉपच्या डिस्कवर ठेवा, दिवसाचं काम संपल्यावर कच्च्या आवाजाची वेव्ह फाइल काढून ती क्लाउडवर टाका. ब्राउझर बंद, लॅपटॉपचा पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर, आणि ऑडासिटीच्या सेटिंगमध्ये बफर लेंग्थ (आवाज तात्पुरता साठवायची जागा) १०० असेल तर २०० मिलिसेकंद करून बघा. तुम्ही स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरवून ऐकत नसाल तर बफर वाढवल्याने वाचनात काही अडत नाही.

वाचनछंद:

प्रोजेक्ट क्लाउडच्याच फोल्डरमध्ये होता, डेस्कटॉप तिथे जोडलेला असतो हे माहीत नव्हतं. हलवल्यापासून टिक नाही, आज सबंध प्रकरण वाचलं. अनुस्वार ताई, माईक कोपऱ्याला घेतल्यावर भ आणि फ एकदम शांत.

आता शेवटचं विचारते. आधी रेकॉर्ड झालेली पाच प्रकरणं आहेत, त्यात अक्षरं गेलेली आहेत. ती कशीतरी भरून काढता येतील का, की सगळं परत वाचायचं?

घुमटनाद:

गेलेली अक्षरं परत येणार नाहीत, तिथे फाइलमध्ये काहीच नाहीये. आणि जुन्या आवाजात नवीन शब्द चिकटवायचा विचार असेल तर तोही सोडा, कारण तेव्हाचं अंतर हातभर आणि मधे तो प्रोग्राम, आत्ताचं वीतभर आणि मोकळं. जोड कानाला लागणारच, आणि फक्त कानावर अवलंबून असणाऱ्या मुलांना तो आपल्यापेक्षा जास्त लागेल. पाचही प्रकरणं नव्याने वाचा, दुसऱ्यांदा वाचताना तसाही वेग बसलेला असतो.

नव्याने वाचताना पंच अँड रोल वापरा म्हणजे नंतरचं कापणं-जोडणं जवळजवळ संपतं. चुकलात की थांबायचं, चुकीच्या शब्दाच्या आधी जिथे श्वास घेतलाय तिथे कर्सर ठेवायचा आणि शिफ्ट डी. आधीची पाच सेकंदं हेडफोनमध्ये वाजतात आणि कर्सरपाशी आपोआप रेकॉर्डिंग सुरू होतं, आपण त्याच सुरात पुढे वाचत जायचं. आधीचं वाक्य कानात असल्यामुळे पट्टी आणि वेग जुळतो.

कुठे मधे शांतता वाढवायची असेल तर जनरेट मधली कोरी शांतता घालू नका, तुम्ही रोज सुरुवातीला घेताय त्या खोलीच्या शांततेचा तुकडा कॉपी करून घाला, नाहीतर मागची घरघर एकदम गायब होऊन परत येते आणि ऐकणारा दचकतो. शेवटी पातळी बघताना ऑडिओबुकवाले जे माप धरतात ते सोयीचं आहे, आरएमएस (सरासरी पातळी) -२३ ते -१८ डीबीच्या मधे, टोक -३ च्या खाली, शांतता -६० च्या खाली. ही तीन जमली की मुलं मोबाइलवर ऐकोत की स्पीकरवर, दर प्रकरणाला आवाज वर-खाली करावा लागत नाही.

अनुस्वार:

एक भर घालते. तयार प्रकरण पुस्तक न बघता ऐकणाऱ्या कोणालातरी द्या, शक्यतो त्या विद्यार्थ्यांपैकीच एखाद्याला, आणि विशेषनामं त्यांच्याकडून ऐकून घ्या. आपल्याला मजकूर पाठ असतो त्यामुळे 'तह' मधला ह नसला तरी आपला कान तो भरून घेतो. ऐकताना अडलं की कंट्रोल एम दाबला की वाजत असलेल्या जागी लेबल पडतं, ते कीबोर्डवरूनच होतं त्यामुळे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही जमतं, नंतर तुम्ही तेवढ्याच जागा तपासायच्या.

वाचनछंद:

हे फारच उपयोगी आहे ताई. त्यांच्यातली एक मुलगी लॅपटॉप छान वापरते, तिलाच विचारते. उद्यापासून पहिलं प्रकरण परत घेतेय, लेबलांमध्ये काय काय निघालं ते इथेच लिहीन.